सोहिरोबांची समाधी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात पेडणे येथे दिलेले व्याख्यान)



या समारंभात काही बोलावे, असे सांगावयास आपले चिटणीस शाळेत आले, तेव्हा आम्ही नववीच्या वर्गावर होतो. विषय कोणता, म्हणून विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, विषय तुमचा, फक्त पेडण्याचा असावा." आम्ही वर्गात परतलो. फळ्यावर सोहिरोबानाथ आंबिये हे नाव लिहिलेले होते. मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, ज्ञानेश्वराची समाधी आळंदीक, रामदासाची सज्जनगडार. मागीर सोहिरोबाची खंय?"

आम्ही म्हटले, "नाही."

"ना? मागीर तो मेलो खंय?"

वर्ग हसला. आम्हांस काही हसू आले नाही. वीस वर्षे हा धडा शिकवीत असता हा साधा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले, आणि जे आमच्याच हातून निसटले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सोहिरोबांचा जन्म इसवी सन १७१४ मधला. गाव पालये, आपल्या पेडण्यातले, केरीच्या शेजारचे. नाव अच्युत, घरातले लाडके नाव सोयरू. पुढे त्याचेच सोहिरोबा झाले, आणि पदाच्या शेवटी कवीने आपले नाव गुंफण्याची जी चाल आहे तीत ते 'सोहिरा' म्हणून येते. घराणे पुढे बांद्यास स्थायिक झाले आणि तेथले कुलकर्णीपण त्यांच्याकडे आले. आज बांदा महाराष्ट्रात आणि पालये गोव्यात, मध्ये नाका. त्या काळी दोन्ही गावे सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांच्या अमलात होती. तेरेखोलची नदी बांद्यावरून वाहत येते आणि केरीपाशी समुद्रास मिळते. म्हणजे हे सारे एकाच नदीकाठचे घर. पेडणे पोर्तुगिजांकडे कायमचे गेले ते १७८८ साली, सोहिरोबा देश सोडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. त्यांना गोव्याचे म्हणावे की कोकणचे, असा वाद कधी कधी ऐकू येतो; पण ज्या माणसाने ही हद्द पाहिलीच नाही त्याला तिच्या अलीकडे किंवा पलीकडे कसे उभे करणार?

बांदा ही विजापूरकरांच्या वेळची भरभराटीची पेठ. तिचे त्या काळचे नाव आदिलाबाद, आणि रोझे घुमट नावाची त्या जमान्यातली इमारत तेथे अजून उभी आहे. लहानपणी वडिलांबरोबर बांद्याच्या बाजारास जात असू तेव्हा तिच्याकडे बोट दाखवून वडील आदराने काही बोलत. त्याच गावात एक कुलकर्णी पदे रचीत बसला होता, हे मात्र आम्हांस पुष्कळ पुढे कळले.

कुलकर्ण्याचे काम म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. कोणाच्या नावावर किती जमीन, सारा किती, भरला किती, बाकी किती, हे सगळे त्याच्या दप्तरात. गावातला प्रत्येक माणूस त्याला ओळखणार आणि बहुतेक माणसे त्याला थोडीफार भिणार. अशा माणसाने वयाच्या पस्तिशीच्या सुमारास हे काम सोडले. का सोडले, याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. सावंतवाडीहून बोलावणे आले, सोयरू निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात थांबले. जवळ फणस होता, तो फोडून खाऊ लागले. तोच एक जोगी समोर उभा राहिला आणि आपला वाटा मागू लागला. सोयरूंनी गरे पुढे केले. जोग्याने खाल्ले, डोक्यावर हात ठेवला आणि तो दिसेनासा झाला. ते गहिनीनाथ होते, असे परंपरा मानते.

इतिहासाचा विद्यार्थी येथे अडखळतो. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, आणि निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. मध्ये साडेचारशे वर्षांचे अंतर. आम्ही बी.एड. होऊन नवे नवे नोकरीस लागलो तेव्हा ही कथा वर्गात जरा मिस्किलपणेच सांगत असू. आता तसे करीत नाही. साडेचारशे वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आमचे लक्ष त्या फणसाकडे जाते. राजाकडे हिशेब द्यावयास निघालेला माणूस वाटेत भुकेला बसतो, दुसरा भुकेला येतो, आणि कुलकर्णी त्याला वाटा देतो. नोंद न करता दिलेली ती बहुधा त्याची पहिलीच वस्तू असावी. आणि नाथपंथाविषयी म्हणाल, तर त्याच्या दारात हिंदू-मुसलमान ही वाटणी फारशी टिकलीच नाही. महाराष्ट्रात काही ठिकाणी खुद्द गहिनीनाथांनाच लोक गैबीपीर म्हणून मानतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे आमच्यातले. त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ चा, आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या पंगतीत बसविले. तेव्हा मुसलमान मास्तराला सोहिरोबांचे काय पडले आहे, असे कोणाच्या मनात असेल तर ही जुनी ओळख ध्यानात घ्यावी.

नोकरी सोडल्यावर सोहिरोबांनी लिहिले ते भरपूर. 'सिद्धान्तसंहिता', 'अद्वयानंद', 'पूर्णाक्षरी', 'अक्षयबोध', 'महदनुभवेश्वरी' असे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. विद्वान त्यांचा अभ्यास करतात आणि करावा. पण खरे सांगावयाचे तर पेडण्यातल्या किती घरांत हे ग्रंथ वाचले जातात? पेडण्याने त्यांची पदे घेतली. पद म्हणजे गावयाची रचना: एक ध्रुवपद, तीन-चार कडवी, शेवटी सोहिरा. त्यांत नाथपंथाचे कठीण शब्द आहेत, उन्मनी आहे, अनाहत आहे, अलख आहे. आणि त्यांच्या शेजारीच दोरीला साप समजून घाबरणारा माणूस आहे, ज्याला पाहून घरातले पोरही हसेल. कठीण आणि सोपे असे एका ताटात वाढण्याचे कसब फार थोड्यांपाशी असते. त्यांचे सर्वांत गाजलेले पद तर आतल्या दिव्याविषयीचे आहे. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी ते गाइले, आणि १९९८ साली अभिषेकीबुवा गेले तरी रेडिओवर लागले की स्वयंपाकघरातले हात थांबतात.

साठीच्या घरात आल्यावर, १७७४ साली, सोहिरोबा उत्तरेकडे निघाले. ज्या वयात माणूस पडवीत खुर्ची टाकतो त्या वयात हे घाट चढून गेले. पुढे ग्वाल्हेर आणि उज्जैन या भागांत त्यांचे वास्तव्य झाले, आणि तेथे ते हिंदीतही पदे रचू लागले. आमच्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. साठ वर्षांचा माणूस नव्या मुलखात जाऊन नव्या भाषेत गाणे रचतो, आणि तुम्हांला इंग्रजीचा पेपर जड जातो!

ग्वाल्हेरीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तीत आणखी एक पेडणेकर आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे केरीचे. केरी आणि पालये या गावांच्या सीमा एकमेकींस लागून आहेत. नदीच्या मुखाशी जन्मलेली ही दोन माणसे शेकडो मैलांवर शिंद्यांच्या छावणीत भेटली; एकाच्या कमरेला तलवार आणि दुसऱ्याच्या काखेत झोळी. काय बोलले असतील? कोणी लिहून ठेवलेले नाही. पण परमुलखात गाववाला भेटला की पहिला प्रश्न अध्यात्माचा नसतो, तो पावसाचा आणि भाताचा असतो, एवढे आम्ही खात्रीने सांगू.

जिवबादादांमुळे सोहिरोबा महादजींपुढे गेले असे सांगतात. महादजी स्वतः भक्तिपर कविता करीत. त्यांनी आपली कविता या साधूस दाखविली. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या शब्दावर हालत होता, दिल्लीचा बादशहा ज्याच्या आश्रयाला होता, त्याची ती कविता! भोवतालच्या मंडळींनी वाहवा करण्यासाठी तोंडे उघडीच ठेवली असणार. सोहिरोबांना कविता पसंत पडली नाही, आणि त्यांनी तसे सांगितले. महादजी रागावले. तेव्हा सोहिरोबांनी तेथल्या तेथे हिंदीत एक पद म्हटले, त्याचा मथितार्थ असा, की आम्हां अवधूतांना तुझ्यापासून काही नको आहे, मग आम्ही तुझी भीड का धरावी? आणि ते उठून चालते झाले. मागाहून महादजींस पश्चात्ताप झाला, असाही कथेचा शेवट सांगतात. तसे झाले असल्यास ते महादजींना शोभून दिसते. कवींनी राजांची स्तुती केल्याची उदाहरणे वर्गात हवी तितकी देता येतात. राजाच्या कवितेला नापास करून बाहेर पडलेला कवी आमच्या पेडण्याचा आहे, हे सांगताना छाती थोडी फुगते, हे कबूल करतो.

पुढे उज्जैनच्या मठात ते राहिले. १७९२ च्या रामनवमीस ते मठातून बाहेर पडले ते पुन्हा कोणास दिसले नाहीत, अशी परंपरा आहे. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. म्हणून त्यांची समाधी नाही. ना आळंदीसारखी जागा, ना सज्जनगडासारखी. आमच्यातही पुण्यपुरुषाची कबर असली म्हणजे तेथे चादर चढते, उरूस भरतो, चार दुकाने लागतात, आणि नाव आपोआप राहते. सोहिरोबांच्या नावाला असा दगडाचा आधार मिळाला नाही. हल्ली विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे, ते योग्यच झाले. परंतु मधली दोनशे वर्षे हे नाव कोणी जगविले?

भजनी मंडळींनी. दुसरे उत्तर नाही. आणि त्यालाही एक इतिहासाचे कारण आहे. तिसवाडी, बारदेश, सासष्टी हे मुलूख पोर्तुगिजांकडे सोळाव्या शतकात गेले; तेथली देवळे मोडली, आणि देवळाबरोबर देवळातले गाणेही गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. तोवर राज्यकर्त्यांचा तो जोर ओसरला होता. आपली देवळे राहिली, देवळांपुढचे मांडव राहिले, एकादशी राहिली, श्रावणातले सप्ताह राहिले. शाळा नव्हती तेथे टाळ होता. अक्षरओळख नसलेला कुळवाडी उन्मनी हा शब्द म्हणत होता. अर्थ किती कळत होता, हे विचारू नये. आम्हां पदवीधरांना तरी किती कळतो?

आमचे वडील बांगड्यांचे दुकान लावीत. पेडण्याची पुनव आली की भगवतीच्या देवळासमोर आमचा पाट मांडलेला असे. कोजागिरीची रात्र, माणसांची ही दाटी, आणि आम्ही आठ-नऊ वर्षांचे पोर काचेच्या बांगड्यांच्या राशीआड बसून पेंगत असू. अशाच एका जत्रेत भजनाला बसलेल्या मंडळींचे पद कानी पडले. वडिलांनी गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढविता चढविता ते पुढचे कडवे पुटपुटले. आम्ही चकित झालो. आमचे वडील पाच वेळा नमाज पढणारे. विचारले, तर म्हणाले, "तीस वर्षे या मांडवांपुढे बसतो आहे. कानाला काय दार असते?" एवढेच. त्यावर अधिक बोलण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि देवळाच्या मंडळींनाही कधी वाटली नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या चुकीची आहे.

आम्ही ज्या गावी पहिल्यांदा नोकरीस होतो तेथे एक वृद्ध भजनीबुवा होते. त्यांचे नाव सांगत नाही, कारण तशी त्यांची इच्छाच असती. शेती करीत, सायंकाळी देवळात बसत. एका सप्ताहात त्यांनी सोहिरोबांचे एक पद म्हटले. त्यांतला एक शब्द आमच्या पाठातल्या शब्दाहून निराळा होता. आम्ही तरुण, बी.ए., बी.एड., खिशात पेन. भजन संपल्यावर आम्ही त्यांना छापील पुस्तक दाखविले आणि शब्द चुकीचा असल्याचे सांगितले. बुवांनी पुस्तक दिव्याजवळ नेले, डोळ्यांपासून लांब धरले, परत दिले. म्हणाले, "मास्तर, पुस्तक छापणाऱ्याने कोणाकडून तरी ऐकूनच घेतले ना? आम्हीही ऐकूनच घेतले. कोणाच्या कानात मळ होता, ते सोहिरोबांनाच ठाऊक."

आम्ही निरुत्तर झालो, आणि मग त्यांचे शिष्यच झालो म्हणा ना. दर गुरुवारी जात असू. बुवांपाशी एक वही होती. त्यांच्या आज्याची, मग बापाची, मग त्यांची. तीन हातांची अक्षरे, आज्याची तर मोडीत. काही पदांपुढे चालीची खूण केलेली, काहींपुढे ते पद कोणाकडून घेतले त्या बुवाचे नाव आणि गाव. म्हणजे ती नुसती गाण्यांची वही नव्हती. कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडी गाणे गेले याचा तो फेरफार होता, कुलकर्ण्याने ठेवावा तसा. बुवा म्हणाले, "मास्तर, तुमचे अक्षर चांगले आहे. एकदा उतरून ठेवा." आम्ही हो म्हटले. अकरा पदे उतरलीही. मग परीक्षा आल्या, मग निवडणुकीची कामे आली, मग आमची बदली झाली. सुटीत येऊन बाकीचे उतरतो, असे सांगून आम्ही निघालो. त्या वर्षी गेलो नाही. पुढल्या वर्षी गेलो नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात बुवा गेल्याचे कळले आणि धावत गेलो. मुलाने पेटी काढून दाखविली. कौल फुटून पाणी आत गेले होते, त्यावर वाळवी चढली होती. वहीच्या पुठ्ठ्याचा आकार तेवढा शिल्लक होता. हात लावला तशी ती मातीसारखी चुरली. मुलगा म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडे उतारा आहे ना?" आम्ही अकरा पदे असे म्हटले नाही. आहे, एवढेच म्हटले. ती लबाडी आज येथे प्रथमच उघड करतो आहोत.

छापील पुस्तके आहेत, मग वही गेली म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पदे पुस्तकात आहेत हे खरे. चाली नाहीत. आम्ही एकच पद तीन गावांत तीन तऱ्हांनी ऐकले आहे. समुद्रकाठच्या गावात ते संथ लयीत, ध्रुवपद दोनदा घोळवून; वरच्या अंगाला पखवाज चढता, आणि मंडळी दुसऱ्या कडव्यावरच गजर धरतात. कोणती चाल जुनी, ते तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु ठरविण्यापूर्वी त्या शिल्लक असाव्या लागतील. हल्ली स्पर्धांमुळे भजनाला नवे तेज आले आहे, तरुण मुले उत्तम पेटी वाजवितात, मुलींची पथके निघाली आहेत, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. मात्र स्पर्धेत बक्षीस मिळालेली एकच चाल मोबाइलवरून सगळ्या तालुक्यात पसरते आणि गावाची आपली चाल लाजून मागे सरते, हेही आम्ही पाहतो. बक्षीस देताना परीक्षकांनी गावच्या चालीला काही गुण वेगळे ठेवले तर कसे होईल? हे सहज सुचले म्हणून सांगितले.

आणखी एक विचार मनात येतो. सोहिरोबा गेले तसे पेडण्याचे पुष्कळ लोक गेले. मुंबईला गेले, आखातात गेले, बोटीवर गेले. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली. आता तर घाटही चढावा लागत नाही. आमच्या वर्गातली निम्मी मुले कोठे असतील, सांगता येत नाही. सोहिरोबा परत आले नाहीत, पण पदे पालयाच्या आणि बांद्याच्या तोंडी राहिली, कारण ती घेणारी तोंडे येथे हजर होती. ही गोष्ट न्यासाच्या कुटुंबांनी विचारात घ्यावी. आपल्यापैकी कितीकांच्या घरी माडीवर, देव्हाऱ्याखाली, जुन्या पेटीत अशा वह्या असतील. मुलगा दुबईत, सून पुण्यात, घराला कुलूप, आणि वर पेडण्याचा पाऊस.

विश्वस्तांशी बोलणे झाले आहे, त्यांच्या संमतीने सांगतो. न्यासाच्या वाचनालयाची मागची खोली दर रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडी राहील. ज्यांच्याकडे वही असेल त्यांनी ती आणावी. वही ठेवून घेतली जाणार नाही. तुमच्यासमोर पानापानाचे छायाचित्र घेऊन लगेच परत मिळेल. ज्यांच्याकडे वही नाही पण चाल आहे, त्यांनी स्वतः यावे. गाण्याचे ध्वनिमुद्रण आमचे दहावीचे विद्यार्थी करतील, त्यांना ते यंत्र आमच्यापेक्षा चांगले कळते. चहाची व्यवस्था महिला मंडळाने पत्करली आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ डिचोलीहून महिन्यातून एकदा येण्यास कबूल झाले आहेत; त्यांचा बसभाड्याचा खर्च न्यास देईल.

बुवांच्या मुलाला आम्ही गेल्या महिन्यात जाऊन भेटलो आणि अकरा पदांची खरी हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वही गेली, पण बापूस म्हणायचा ती पंधरा-वीस माका येतात. बरोबर येतात की ना, ते मात्र विचारू नकात." येत्या रविवारी तो पहिला येणार आहे. मागल्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही यंत्र धरावयास बसविले आहे.